घास भरवण्याचा हिशेब : डिमेन्शियाच्या रुग्णासाठी केंद्र निवडताना काय विचाराल, किती मोजाल

डिमेन्शिया झालेल्या आई-वडिलांसाठी केंद्र शोधायला निघालेलं कुटुंब साधारण चार गोष्टी विचारतं. महिन्याचे किती, डिपॉझिट किती, डॉक्टर किती वेळा येतात आणि खोली स्वतंत्र की दोघांत. जेवण कोण भरवतं आणि एका माणसाला किती वेळ देऊन भरवतं, हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. आजार पुढे सरकला की सगळ्यात जास्त हाल मात्र इथेच होतात. अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या नर्सिंग होममधल्या, डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यातल्या ३२३ रुग्णांवर दीड वर्ष लक्ष ठेवलं गेलं. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या सुमारे ८६ टक्के रुग्णांना खाण्यापिण्याच्या अडचणी आल्या आणि ४१ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. आपल्याकडे साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला आहे. त्यामुळे हा प्रश्न आता चार घरांपुरता उरलेला नाही.

भरवणाऱ्या मावशींना शिकवायला किती खर्च येतो, शिकलेलं वापरायला लागणारा वेळ कितीला पडतो आणि पैसे कुठे वाया जातात, याचा हिशेब इथे मांडला आहे. दर पुणे, मुंबई, ठाणे या पट्ट्यातले आणि ढोबळ आहेत. आपल्या गावचे आकडे घालून बघा, हिशेबाची रीत तीच राहील.

आधी अडचण कुठली ते ओळखा

रॉजर वॉटसन या ब्रिटिश परिचर्या-संशोधकांनी तयार केलेली ‘एडिनबरा’ नावाची एक तपासयादी जगभर वापरली जाते. तिचा गाभा कुठलंही कुटुंब घरबसल्या वापरू शकेल असा आहे. जेवताना लक्ष ठेवावं लागतं का? हाताने मदत लागते का? सांडतं का? पानात टाकलं जातं का? नको म्हणतात का? तोंड फिरवतात का? तोंड मिटून घेतात का? थुंकतात का? तोंड उघडं राहून घास बाहेर पडतो का? तोंडात आहे, पण गिळत नाहीत असं होतं का?

‘हो’ कुठे येतं त्यावर खर्च ठरतो. ‘हो’ पहिल्या तीन-चार प्रश्नांपाशीच थांबत असेल तर शेजारी बसणारं माणूस आणि योग्य ताट-चमचा एवढ्यावर बरंच भागतं. नकार, तोंड फिरवणं, तोंड मिटणं सुरू झालं असेल तर शिकलेलं माणूस आणि जास्तीचा वेळ लागतो. घास तोंडात राहतो, ठसका लागतो, जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता येतो किंवा वारंवार बारीक ताप येतो, असं असेल तर स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी आधी करून घ्यायची आणि मगच बाकीचं ठरवायचं. काही रुग्णांच्या श्वासनलिकेत ठसका न लागताही अन्न जातं. म्हणून ‘ठसका नाही, म्हणजे सगळं ठीक’ असं समजू नये.

आणि एखाद्याने अचानक जेवण सोडलं असेल तर त्याचा दोष लगेच डिमेन्शियाला देऊ नका. दुखरी दाढ, सैल झालेली कवळी, बद्धकोष्ठ, तोंड कोरडं पाडणारं किंवा गुंगी आणणारं औषध यांपैकी काहीही कारण असू शकतं. डॉक्टरांच्या आणि दंतवैद्यांच्या एका फेरीत ते सापडतं. सगळ्यात स्वस्त उपाय तोच.

शिकलेली मावशी काय वेगळं करते

न शिकलेलं भरवणं कुठल्याही केंद्रात दुपारी साडेबाराला पाहायला मिळतं. मावशी उभी असते, हातात वाटी असते आणि वाटीत वरण, भात, भाजी सगळं कालवून एक करडा गोळा केलेला असतो. ‘आ करा, आजोबा’ म्हणत मोठ्या चमच्याने घासामागून घास जातो. मावशी उभी असल्याने आजोबांची मान वर होते आणि मान वर झाली की श्वासनलिकेचा रस्ता जास्त उघडा पडतो. पाच-सात मिनिटांत वाटी रिकामी होते आणि मावशी पुढच्या खाटेकडे वळते. आजोबांच्या गालात दोन घास तसेच असतात. लगेच त्यांना आडवं केलं की त्या घासांचं काय होतं हे सांगायला नको.

शिकलेली मावशी पहिली गोष्ट करते ती म्हणजे स्टूल ओढून बसते, रुग्णाच्या नजरेच्या पातळीला. रुग्णाची पाठ ताठ, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र जागच्या जागी आहे का ते बघते. टीव्ही बंद करते. चहाचा चमचा घेते, तोही अर्धाच भरते. घास दाखवून काय आहे ते सांगते : ‘आजी, मेतकूट-भात आहे, वर तूप घातलंय.’ घास दिला की कंठमणी वर जाऊन खाली येतो का ते पाहते आणि मगच पुढचा घास उचलते. दोन-चार घासांनंतर रिकामा चमचा ओठांना लावते, म्हणजे तोंडात उरलेलं गिळलं जातं. शेवटी गाल तपासते, चूळ भरवते किंवा ओल्या कापडाने तोंड पुसून घेते आणि अर्धा तास तरी आडवं होऊ देत नाही.

हात चालत असेल तर ती भरवत नाही, खाऊ देते. चमचा रुग्णाच्या हातात, त्या हाताखाली मावशीचा हात, आणि उचलणं दोघांचं. वरून मनगट धरून हात तोंडाकडे नेला की माणूस आखडतो. खालून आधार दिला की आपणच खातोय असं त्याला वाटतं. आपल्याकडची पिढी हाताने जेवलेली. कित्येकांना चमचा नकोसा वाटतो, पण हातात इडलीचा तुकडा, केळ्याची फोड, मऊ धिरडं दिलं की आपोआप तोंडाशी जातं. पूर्ण वाढलेलं ताट पाहून मात्र माणूस गोंधळतो. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात, कशाला हात लावायचा तेच कळत नाही. एका वेळी एक-दोन पदार्थच पुढे ठेवावेत.

माणसाचा नकार समजून घेणं हाही शिक्षणाचाच भाग. एखादी आजी रोज म्हणते, ‘आज माझा उपवास आहे.’ तिला ‘आज काही एकादशी नाही’ म्हणून पटवायला गेलं की वाद होतो आणि जेवण बाजूला पडतं. त्यापेक्षा वाटीत राजगिऱ्याची खीर किंवा दही घालून मऊ वरीचा भात द्यावा. दुसरी आजी विचारते, ‘हे जेवले का?’ आजोबा जाऊन दहा वर्षं झालेली. तिला रोज नव्याने वैधव्य सांगण्यात काय हशील? ‘त्यांचं झालं, आता तुम्ही बसा’ एवढं ऐकलं की ती जेवायला बसते. हे कुठल्याही छापील अभ्यासक्रमात मिळणार नाही. ते कुटुंबानेच सांगायला हवं. म्हणून दाखल करताना औषधांच्या यादीसोबत जेवणाचीही यादी द्या : काय आवडतं, काय कधीच खाल्लं नाही, कोणते उपास करत, चहा बशीत ओतून घेत की कपाने, नैवेद्य दाखवल्याशिवाय जेवत होते का.

शिकवायला किती लागतात?

आता आकड्यांकडे येऊ. वीस रुग्णांचं एक केंद्र धरा. दोन्ही पाळ्या मिळून दहा मावशी-मामा. प्रत्येकाला चार तासांचं शिक्षण : तीन तास वर्गात आणि एक तास प्रत्यक्ष जेवणाच्या वेळी, प्रशिक्षकाच्या नजरेखाली. दोन तुकड्या कराव्या लागतील, कारण सगळ्यांना एकदम बसवलं तर रुग्णांजवळ कोण थांबणार?

• प्रशिक्षक (स्पीच थेरपिस्ट किंवा वृद्धसेवेतली अनुभवी परिचारिका), अर्ध्या दिवसाचं मानधन ६,००० धरलं तर दोन तुकड्यांचे १२,००० रुपये.
• पुढचे तीन महिने दर महिन्याला एक फेरी, मावशी शिकलेलं वापरतात का ते पाहायला. ३,००० प्रमाणे ९,००० रुपये.
• शिकायला बसलेल्या वेळाचा पगार. १२ तासांचे ८०० म्हणजे तासाला साधारण ६७ रुपये. दहा जण, चार तास : सुमारे २,७०० रुपये.
• सरावाचं साहित्य : चमचे, ताटल्या, द्रव घट्ट करायची पावडर, सिरिंज. ४,००० रुपये.

बेरीज २७,७०० रुपये. वीस रुग्णांत वाटली तर माणशी १,४०० सुद्धा होत नाहीत. या क्षेत्रात मावशी टिकत नाहीत, म्हणून हेच शिक्षण वर्षातून दोनदा करावं लागलं तरी एका रुग्णामागे महिन्याला अडीचशेच्या आतच खर्च येतो. न्यूमोनियासाठी खासगी रुग्णालयात आठवडा काढला तर बिल लाखाच्या घरात जायला वेळ लागत नाही.

स्वयंपाकाच्या मावशींनाही वर्गात बसवा. भरवणारी कितीही शिकलेली असली तरी वाटीत चुकीचा पदार्थ आला की तिचे हात बांधले जातात.

‘आमच्या सगळ्या मावशी सर्टिफाइड आहेत’ हे ऐकून लगेच भुलू नका. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचे ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ आणि ‘जेरियाट्रिक केअर एड’ हे अभ्यासक्रम खरे आहेत आणि चांगलेही आहेत. पण प्रमाणपत्र हा पाया झाला. डिमेन्शियाच्या माणसाला भरवताना प्रत्यक्ष कुणी शेजारी उभं राहून शिकवलं का, हे वेगळं विचारा. अमेरिकेत नर्सिंग होममध्ये जेवणापुरता मदतनीस नेमायचा तर किमान ८ तासांचं शिक्षण सक्तीचं आहे, आणि तरीही गिळण्याची गुंतागुंत असलेला रुग्ण त्याच्या हाती देत नाहीत.

शिकवायला डॉक्टर-परिचारिकाच लागतात असंही नाही. गोव्यात डिमेन्शियाच्या ८१ कुटुंबांवर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक, साध्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं होतं आणि त्यांच्या पाठीशी समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ होते. सांभाळणाऱ्या नातेवाइकांचा मानसिक ताण त्यामुळे कमी झाला. नीट शिकवून नंतर देखरेख ठेवली तर साधी माणसंही हे काम करतात, हे इथे आपल्या शेजारीच दिसलं आहे.

खरा पैसा वेळेला लागतो

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. तैवानमध्ये नर्सिंग होमच्या मदतनिसांना भरवण्याचं शिक्षण देऊन पाहिलं, त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. मदतनिसांचं ज्ञान वाढलं, वागणं सुधारलं आणि जेवणाला लागणारा वेळही वाढला. पोटात जाणाऱ्या अन्नात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या २००१ च्या एका अभ्यासात नर्सिंग होममधल्या रुग्णाला नीट मदत करायला एका जेवणाला सरासरी ३८ मिनिटं लागली. नेहमीच्या व्यवहारात कर्मचारी जेमतेम ९ मिनिटं देत होते. शिकवलं आणि वेळ दिला नाही, तर शिकवलेलं वाया जातं.

पुन्हा आपलं वीस रुग्णांचं केंद्र घ्या. त्यांतल्या आठ जणांना भरवावं लागतं. प्रत्येकी ३५ मिनिटं म्हणजे एका जेवणाला २८० मिनिटं. दहा-दहा मिनिटांत उरकलं तर ८० मिनिटं. फरक २०० मिनिटांचा. नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं मिळून ६०० मिनिटं, म्हणजे दिवसाला १० तास. १२ तासांची एक जादा मावशी त्यात बसते. ८०० रोजाने महिन्याला २४,००० रुपये. भरवाव्या लागणाऱ्या आठ जणांत वाटले तर प्रत्येकी ३,००० रुपये.

सगळे एकाच वेळी जेवायला बसवले तर एवढे हात कुठून आणायचे? उत्तर आपल्या लग्नकार्यांत आहे : पंगती करायच्या. चार मावशी, प्रत्येकीकडे दोन रुग्ण, एकामागून एक. पहिली पंगत बाराला, दुसरी पावणेएकला. जादा मावशीचे तास नाश्ता, दुपार आणि रात्र असे विभागून लावायचे. मधल्या वेळी चहा-पाणी द्यायला तीच मावशी उपयोगी पडते, कारण या रुग्णांना तहान सांगता येत नाही आणि पाणी कमी पडलं की लघवीचे त्रास आणि जास्तीचा गोंधळ मागोमाग येतात.

शिक्षणाचे अडीचशे आणि वेळेचे तीन हजार धरले तर भरवाव्या लागणाऱ्या रुग्णामागे महिन्याला सव्वातीन हजार होतात. व्यवस्थापनाचा खर्च धरून तीन ते चार हजार जादा मागणारं केंद्र वाजवी मागतंय असं समजा. मात्र त्या पैशांत जेवणाला किती माणसं वाढणार, ते लिहून घ्या. ‘स्पेशल डिमेन्शिया केअर’च्या नावाने दहा हजार जादा आणि जेवायच्या वेळी तीच दोन माणसं, असं असेल तर तुम्ही भिंतीच्या रंगाचे पैसे भरताय.

डिमेन्शियाचे रुग्ण घेणाऱ्या केंद्रांचे दर साधारण महिन्याला ३०,००० पासून ७०,००० पर्यंत आहेत, स्वतंत्र खोली आणि थाटमाट असेल तिथे लाखाच्याही वर. दर जास्त म्हणजे भरवणं चांगलं, असा हिशेब मांडू नका.

घरी मावशी ठेवली असेल तर

ब्युरोची १२ तासांची मावशी दिवसाला ७०० ते १,००० रुपये, चोवीस तासांची महिन्याला २५,००० ते ४०,०००. ब्युरोचं कमिशन वेगळं की त्यातच, हे आधी स्पष्ट करून घ्या. बदली बाई किती वेळात देणार, तेही.

स्पीच थेरपिस्ट घरी येऊन तपासणी करायचे १,००० ते २,००० रुपये घेतात. फेरी जेवणाच्या वेळीच ठेवा आणि मावशीला समोर बसवा, म्हणजे एकाच फेरीत रुग्णाची तपासणी आणि मावशीचं शिक्षण दोन्ही होतं. अशा दोन फेऱ्या केल्या तर २,००० ते ४,००० रुपयांत काम भागतं. हे जड वाटत असेल तर स्पीच थेरपी शिकवणाऱ्या संस्थांच्या बाह्यरुग्ण विभागात चौकशी करा. मुंबईत नायर रुग्णालय आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ, इथे हे शिक्षण दिलं जातं आणि अशा ठिकाणी फी सहसा बाहेरच्यापेक्षा कमी असते.

मावशी बदलणार हे गृहीत धरा. जुनी जायच्या आधी नवीला एक दिवस तिच्यासोबत बसवा. तो एक जादा रोज, ८००-१,००० रुपये, अगदी सत्कारणी लागतो. भरवायची पद्धत मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. घरच्या कुणीतरी शिकलेल्या मावशीचा भरवतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ फोनमध्ये ठेवा. आणि चांगलं भरवणारी मावशी मिळाली तर महिन्याला हजार रुपये वाढवून द्यायला मागेपुढे पाहू नका. नवी शोधून शिकवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

कशावर खर्च करावा, कशावर नको

रंगीत ताटली, १५० ते ४०० रुपये : जरूर घ्या. पांढऱ्या ताटलीत पांढरा भात अशा रुग्णाला दिसतच नाही, आणि स्टीलच्या ताटात दिव्याचं प्रतिबिंब चमकतं. बोस्टनमध्ये २००४ साली अल्झायमरच्या नऊ रुग्णांना गडद लाल रंगाची भांडी देऊन पाहिली, तेव्हा अन्न २५ टक्के आणि पेय ८४ टक्के जास्त घेतलं गेलं. प्रयोग लहान होता, पण करून बघायला जाते ती एका ताटलीची किंमत. काठ उंच असलेली घेतली तर सांडणंही कमी होतं.

वजनकाटा, ८०० ते १,५०० रुपये : जरूर घ्या. महिन्याला ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटलं तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. ५० किलोच्या माणसाचे महिन्यात अडीच किलो कमी झाले तर ती धोक्याची खूण.

मऊ ब्रश : सगळ्यात स्वस्त औषध. तोंड स्वच्छ ठेवल्याने नर्सिंग होममधला न्यूमोनिया कमी होतो हे जपानमधल्या २००२ च्या अभ्यासात दिसलं. कवळी असली तरी हिरड्या आणि जीभ साफ करायलाच हवी.

द्रव घट्ट करायची पावडर : स्पीच थेरपिस्टने सांगितली तरच. तोंडावाटे जाणारा प्रत्येक घोट घट्ट करायचा तर लहान डबा आठवडाभरच टिकतो, म्हणून घेण्याआधी डब्याच्या किमतीला चाराने गुणून महिन्याचा खर्च काढा. झँथन गमवाली पावडर लाळेने पातळ होत नाही, स्टार्चवाली होते. घट्टपणा डोळ्यांनी ठरवू नका. आंतरराष्ट्रीय पद्धतीत द्रव आणि अन्नाच्या ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत. १० मिलीच्या सिरिंजमध्ये द्रव भरून १० सेकंद खाली गळू द्यायचं. १ ते ४ मिली उरलं तर पहिली पातळी, ४ ते ८ उरलं तर दुसरी, त्याहून जास्त उरलं तर तिसरी. सिरिंज वीस रुपयांच्या आत मिळते. मात्र सगळ्या कंपन्यांच्या सिरिंज सारख्या नसतात. ० ते १० खुणांमधलं अंतर ६१.५ मिलिमीटर असलेलीच चालते.

पौष्टिक पावडरी, ४०० ग्रॅमला ६०० ते १,२०० रुपये : डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय नको. मऊ भातावर चमचाभर जास्त तूप, दुधात सातूचं पीठ, घट्ट नाचणीची आंबील, रव्याची खीर हे सगळं स्वयंपाकघरात आहेच.

टाळायचे पदार्थ मात्र सगळ्यांना पाठ हवेत : चिवडा, चुरमुरे, शेंगदाणे, कोरडी भाकरी, पोह्यांतले दाणे. आणि दोन जातींचं मिश्रण, म्हणजे पातळ आमटीत तरंगणारे पोळीचे तुकडे किंवा दुधात भिजवलेल्या पोळीचं उरलेलं सुटं दूध. पातळ भाग आधी घशात घसरतो आणि घन मागे राहतो. पोळी कुस्करायची तर दूध पूर्ण मुरेपर्यंत थांबा.

नळीचा प्रश्न

‘नाकातून नळी घालून घ्या, म्हणजे जेवणाची कटकट नाही’ असा सल्ला केव्हातरी मिळतोच. नळी शे-दोनशे रुपयांना येते, घरी येऊन घालायचे ५०० ते १,५००. पोटातून नळी घालायची तर खासगी रुग्णालयात २५,००० पासून पुढे. स्ट्रोकनंतर किंवा तात्पुरत्या आजारात नळीची जागा आहे, तिथे डॉक्टरांचं ऐका. पण डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात पोटाची नळी सुचवू नये, त्याऐवजी हाताने भरवत राहावं, अशी अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीची शिफारस आहे. या टप्प्यात नळीने न्यूमोनिया टळत नाही आणि आयुष्यही वाढत नाही. रुग्ण नळी उपटतो, मग त्याचे हात बांधले जातात.

केंद्र नळीचा आग्रह धरत असेल तर सरळ विचारा : हे रुग्णासाठी की तुमच्या मनुष्यबळासाठी? शेवटी जेवण कमी होत जातं. चांगलं भरवूनही वजन घटू शकतं. तेव्हा पोटात किती गेलं यापेक्षा चार घास सुखाने गेले का, हे बघायचं. हेही शिक्षणात यायला हवं, कारण मावशीला वाटतं आपणच कमी पडलो.

कर आणि मदत

जुन्या करप्रणालीत, १९६१ च्या आयकर कायद्याच्या ८०डीडीबी कलमाखालच्या नियमांत डिमेन्शियाचं नाव स्पष्ट आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचं तज्ज्ञाचं प्रमाणपत्र असेल तर ज्येष्ठ नागरिकाच्या उपचारखर्चावर १ लाखापर्यंत वजावट मिळते. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदललेत. सीएंना विचारा आणि मावशीचा पगार त्यात बसेलच असं धरून चालू नका. आरोग्यविमाही भरवणाऱ्या माणसाचा पगार सहसा देत नाही, म्हणून हा खर्च खिशातूनच होणार हे धरून तरतूद करा.

ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’च्या शाखा देशात ठिकठिकाणी आहेत. केंद्राची चौकशी करताना त्यांचाही आधार घ्या.

डिपॉझिट देण्याआधी

केंद्राला हे सात प्रश्न विचारा.

१. हाताने भरवावे लागणारे रुग्ण किती आणि जेवणाच्या वेळी भरवणारे हात किती?
२. एका रुग्णाला सरासरी किती मिनिटं?
३. भरवायला कुणी शिकवलं, कधी, आणि नंतर कोण येऊन पाहतं?
४. गिळण्याची तपासणी कोण करतं आणि त्याचे पैसे वेगळे का?
५. वजन दर महिन्याला घेता का? मागच्या सहा महिन्यांची वही दाखवाल का?
६. अन्न किती मऊ द्यायचं ते स्वयंपाकघरात कुठे लिहिलेलं आहे?
७. जेवणाच्या वेळी घरच्यांना येऊन बसता येईल का?

उत्तरं तोंडी मिळतील तेवढ्यावर थांबू नका. आधी न कळवता दुपारी साडेबाराला जा, कोपऱ्यात अर्धा तास बसा आणि मावशी बसून भरवतात की उभ्याने, ते बघा. ‘जेवणाच्या वेळी भेट नाही’ असा ज्या केंद्राचा नियम असेल, त्याचा दर कितीही परवडला तरी तिथे डिपॉझिट भरू नका.